चावणारे पाय

७ जुलै, सोमवार

आज कॉलेजात हजर झाले. प्राचार्य राठोड सरांनी खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि इतक्या मोठ्याने बोलायला लागले, की ऑपरेशन माझ्या कानाचं झालं असा त्यांचा समज असावा. गेला तो जबडा, कान शाबूत आहेत. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांना कळलं नसतं, आणि पुढे विषय नेमका तोच निघाला.

संस्थेचे सचिव सदाशिवराव यांचं म्हणणं असं, की मी आता अकरावीचं प्राणिशास्त्र सोडावं आणि ग्रंथालय सांभाळावं. माझं बोलणं मुलांना समजणार नाही, शिवाय चेहरा बघून नवीन मुली घाबरतील. चेहऱ्याचं मात्र सरांनी अगदी हळू सांगितलं. या पांढरकवड्यात मी निम्मं आयुष्य झुरळं आणि बेडूक शिकवण्यात घातलं. दोन्ही काही देखणे नाहीत, आणि त्यांना घाबरून कुणी वर्ग सोडला नाही. मी टेबलावरचा कागद ओढून लिहिलं, "मी शिकवणार. समजतं की नाही ते वर्गात येऊन बघा." राठोड सर माणूस वाईट नाही. त्यांनी फोन लावला, बराच वेळ हो-हो केलं आणि ठरवून टाकलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी एक तास घ्यायचा, सदाशिवराव स्वतः मागच्या बाकावर बसणार. मुलांना समजलं तर वर्ग माझा. नाही समजलं तर मी आणि पुस्तकांची कपाटं.

स्टाफरूममध्ये सगळे हळहळले. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलेल्या एका सरांनी विचारलं, मॅडम, तुम्ही खर्रा खात होत्या का? मी आयुष्यात खर्ऱ्याला हात लावला नाही. एक तुटका दात हिरडीला घासत राहिला आणि तिथे कॅन्सर झाला. पण हे कुणाला पटत नाही. बाईमाणूस लपून खात असेल, असंच सगळ्यांच्या डोळ्यांत दिसतं. मी त्या सरांच्या गालाकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. ते उठून थुंकायला गेले.

८ जुलै, मंगळवार

शेजारच्या विमलताई गाळलेलं वरण घेऊन आल्या. बाई प्रेमळ आहे, पण मनात आलेलं पोटात राहत नाही. थोडा वेळ इकडचंतिकडचं बोलून मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या पायाचं हाड काढून तोंडात बसवलं म्हन्ते. मंग अन्नाले रोज पाय लागते ना वं?"

खरं आहे ते. नागपूरच्या डॉक्टरांनी खालचा जबडा डावीकडून काढला आणि पोटरीतलं बारीक हाड घडवून तिथे बसवलं. चालायला जाड हाड पुरतं म्हणाले, आणि पुरतंय, थोडी लंगडते एवढंच. मी विमलताईंना म्हटलं, लागतो, दोन्ही वेळा लागतो. त्यांनी स्वतःच्या गालावर हळूच मारून घेतलं, माझ्यातर्फे. स्वयंपाकघरात माझा नवरा, देवराव, मोठ्याने खोकला. हसू लपवायचं असलं की हा माणूस खोकतो.

त्या गेल्यावर मी बराच वेळ हसत होते, आणि हसता हसता मला माझा तास सापडला. पायाने चावणारी मी काही पहिली नाही. पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी एक प्राणी होता. इंग्रजीत ट्रायलोबाइट, आपल्या पुस्तकात त्रिखंडी, कारण त्याच्या अंगाचे लांबीत तीन पट्टे दिसतात. त्याला जबडाच नव्हता. पोटाखाली पायांच्या जोड्यांची रांग, आणि प्रत्येक पायाच्या मुळाशी आतल्या बाजूला काटे. समोरासमोरचे काटे एकमेकांवर घासायचे, त्यात किडे, मेलेलं-सडलेलं जे येईल ते चिरडायचं, आणि तो घास पोटाखालच्या घळीतून पुढे पुढे तोंडाकडे सरकायचा. एका त्रिखंडीच्या आतड्यात तर शिंपल्यांचा चुरा ठासून भरलेला सापडला आहे. असे हे प्राणी पंचवीस कोटींहून जास्त वर्षं जगले. आणि आमच्या अभ्यासक्रमातल्या झुरळाचे जबडे तरी काय आहेत? मुळात पायच ते, पुढे सरकून तोंडाशी कामाला लागलेले. हे सदाशिवरावांना ऐकवायचं.

११ जुलै, शुक्रवार

काल विहारात वर्षावास सुरू झाला. मी गेले. त्रिशरण सगळ्यांबरोबर म्हटलं, पण "बुद्धं" म्हणताना ओठ टेकेना, आणि शेजारच्या बाईने वळून पाहिलं. ती पुढे सरकून बसली. मी पण तिच्या मागोमाग सरकले.

आज आरशासमोर बसून बाराखडी तपासली. खालचा ओठ बधिर आहे, वरच्याला टेकत नाही. त्यामुळे प, फ, ब, भ, म ही पाचही अक्षरं गेली. व कसाबसा निघतो, बाकी बरंचसं ठीक. म्हणजे नवऱ्याचं नाव येतं. स्वतःचं नलिनी येतं, नलू येतं. पाय म्हणायला गेले तर हाय होतं. आणि जबडा म्हणता येत नाही. ज्याच्यापायी हे सगळं झालं, त्याचं नावसुद्धा त्याने सोबत नेलं.

ठीक आहे. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. ओठ न लावता अख्खा तास घेऊन दाखवते.

१५ जुलै, मंगळवार

चार पानं झाली. समुद्राचा दर्या केला, पाण्याचं जल, पोटाचं उदर. ट्रायलोबाइट नको, त्रिखंडी उत्तम. फक्त पायाने अडवून ठेवलं होतं. पद नाही, पाऊल नाही, सगळ्यांत तो प बसलेलाच. शेवटी तंगडी सापडली. "हा जीव दर्यातळाशी राहतो. तो तंगड्यांनी चावतो, चिखलातले किडे खातो." एकदाही ओठ लागत नाही.

देवरावला समोर बसवून वाचलं. तंगडीपाशी त्याचा बांध फुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "नलू, पोट्टे म्हन्तीन मॅडमले हॉटेलातली तंगडी आठोली." मी चिडले. पण हा माणूस एप्रिलमधल्या ऑपरेशनपासून असा हसला नव्हता, म्हणून फार चिडता आलं नाही. तंगडी ठेवणार आहे. दुसरा इलाज नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. देवराव माझ्यासमोर जेवत नाही. लाइनमन होता तेव्हा दुपारी डबा उघडला की चार खांबांवर वास जायचा, इतका खाण्याचा शौकीन माणूस. आता मला ज्वारीची पेज नाही तर मिक्सरमधून काढलेली खिचडी भरवतो, म्हणजे मी स्वतः खाते, तो समोर रुमाल धरून बसतो. मी आडवी झाले की मग स्वयंपाकघरात जातो. मी खाते तेव्हा ओघळतं, चेहऱ्याची डावी बाजू वेडीवाकडी होते, मला माहीत आहे. बघून घास उतरत नसेल. तसं असेल तर सरळ सांगावं.

२० जुलै, रविवार

ज्वारीच्या पिठाला जाळ्या धरल्या. डबा उघडला तर आत अळ्या मजेत. त्यांचे जबडे उत्तम चालतात. देवरावला बोलले, की दोन माणसांच्या घरात डबाभर पीठ संपत नाही आणि तुम्ही बघतही नाही. दमट हवेत असंच होतं म्हणाला, आणि पीठ फेकून आला. त्याचा पट्टा सैल झालाय, शर्ट खांद्यावरून उतरतो. मला शुगरची शंका येते आहे. त्याच्या मोठ्या भावाला होती.

तासाची पानं अर्धी पाठ झाली. वाचताना गाडी व्यवस्थित धावते, पण मधेच एखादं मूल शंका विचारेल तेव्हा काय? उत्तर काही आधी लिहून ठेवता येत नाही. मुलं मुकुटबनहून चुनखडकाचे तुकडे आणतात दरवर्षी, झाडाच्या पानासारखी नक्षी असलेले, आणि विचारतात, मॅडम, हे जीवाश्म आहे का. नसतं ते. तिथला दगड त्रिखंडीहूनही जुना, आणि ती नक्षी नुसती खनिजाची. हे समजावताना "जीवाश्म" कसं टाळू? दगडातला जीव म्हणेन. जुना जीव म्हणेन. बघू.

२४ जुलै, गुरुवार

देवरावची शुगर व्यवस्थित निघाली. डॉक्टर त्याला म्हणाले, जेवण वाढवा. तो मान हलवत राहिला. मला राग आला. माझ्याकडे बघवत नाही म्हणून बाहेरच काही खाऊन येतो की काय, असंही वाटून गेलं, पण बाहेर खाणारा माणूस असा वाळत नाही. रोज संध्याकाळी नाक्यापर्यंत जाऊन येतो, तोंडाला कशाचाही वास नसतो. मला या माणसाचं काही समजेनासं झालं आहे.

३ ऑगस्ट, रविवार

आज ते समजलं, आणि मी दिवसभर स्वतःवर संतापले आहे.

दुपारी पडले होते. तहान लागली म्हणून उठून आत गेले. देवराव ओट्याशी पाठमोरा उभा राहून खात होता. हातात वाटी आणि चमचा. वाटीत माझीच पेज, पातेल्यात उरलेली. पोळीचा डबा उघडून बघितला, कोरडा. लोणच्याच्या बरणीवर धूळ. एवढ्या महिन्यांत या घरात पोळी झाली नाही, भाकर झाली नाही, पापड भाजला गेला नाही. आणि मी, दगडावरच्या ठशावरून कुणी काय खाल्लं ते सांगणारी बाई, मला घरातल्या घरात पत्ता नाही. पिठाला अळ्या झाल्या तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मी विचारलं, "काहून?"

तो वाटी लपवायला गेला, मग ठेवली. म्हणाला, "दवाखान्यात तुले नळी होती तवा म्या तुह्या बाजूले बसून चने खाल्ले. तू माह्या तोंडाकडं पाहे. कुडकुड आवाज आला का डोये मिटून घे. मंग म्या सोडलं."

मला त्या चण्यांची आठवणही नाही. डोळे मिटले असतील गुंगीने. या माणसाने त्यावरून स्वतःचे दात बंद करून टाकले, आणि मी त्याच्यावर संशय घेत बसले. मला रडू आलं. त्याच्यावर रागही आला, फार राग आला. मी काय मेलेली आहे, की घरात सुतक पाळायचं?

विमलताईंकडून पीठ मागून आणलं आणि मीच भाकर टाकली. कितीतरी दिवसांनी हाताला ज्वारीचं पीठ लागलं. ठेचा कुटला, कांदा फोडला, आणि देवरावला समोर पाटावर बसवून सांगितलं, चावा, मला ऐकू येऊ द्या. तो पहिला घास तोंडात घेऊन नुसता बसला. मी म्हटलं, "आवाज येऊ द्या." मग कांदा कचकन तुटला. ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, का ठेच्याने नाही, मी विचारलं नाही. मला हेवा वाटला. इतका वाटला की ताट ओढून घ्यावंसं झालं. तरीही मी शेवटच्या घासापर्यंत तिथेच बसले, आणि मला बरं वाटत होतं. घरात पुन्हा कुणीतरी जेवत होतं.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी ती चार पानं समोर घेतली आणि वाचवेनात. देवराव माझ्यासाठी चावायचं टाळत होता. मी सदाशिवरावांसाठी पाच अक्षरं टाळते आहे. त्याने निदान प्रेमापोटी केलं. मी कुणाच्या प्रेमापोटी करते आहे?

दर्या, जल, तंगडी. कोण बोलतं असं? आमच्या वर्गात कुणी बोलत नाही. उद्या परीक्षेत एखादी मुलगी "त्रिखंडी तंगडीने चावते" असं लिहून आली तर तिचे गुण मी कापायचे का? पाय तो पाय. मी पायच म्हणणार. हाय ऐकू आला तर येऊ दे, फळा आहे, खडू आहे, हात धडधाकट आहेत. मुलांना माझा नवा आवाज शिकायला लागेल. मुलं याहून अवघड गोष्टी शिकतात.

देवरावला सांगितलं. पोळी चावत होता, मान हलवली आणि चावत राहिला.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज तास झाला.

वर्ग गच्च होता. सदाशिवराव शेवटच्या बाकावर वाटेच्या कडेला बसले, राठोड सर दाराशी उभे. मी सुरुवातच "जबडा" म्हणून केली. निघाला "जअडा". पहिल्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि सांगितलं, मी म्हणते ते हे. आता प-फ-ब-भ-म आला की असंच ऐकू येईल, कान लावा, नाही कळलं तर हात वर करा. पहिली काही मिनिटं हातच हात वर होते. प्रत्येक वेळी फळ्यावर लिहिलं. मग हात कमी झाले. लाळ ओघळत होती, रुमालाने पुसत होते, शिकवत होते.

मग त्रिखंडी करून दाखवली. दोन बाजूंचे बाक म्हणजे पायांच्या दोन रांगा, मधली वाट म्हणजे घळ. मी पुढे उभी, वर्गाकडे तोंड करून, तर तोंड मीच. त्रिखंडीचं तोंडही असंच खाली असतं आणि मागे वळलेलं. सगळ्यांना चपला काढून वाटेत पाय सोडायला लावले. ती चार पानं पर्समध्येच होती. चुरगाळून गोळा केला, मागे जाऊन सदाशिवरावांच्या बुटापाशी टाकला आणि म्हटलं, हा घास, सगळ्यात मागच्या पायापासून सुरू करा. त्यांनी बूट मागे घेतला. मग अख्खा वर्ग मान वळवून बघतोय म्हटल्यावर टोकाने ढकलला.

घास मागून दुसऱ्या बाकापाशी अडकला. ज्याचा पाय कागदाला लागला त्या पोराने वाकून कागदाला हात लावला आणि कपाळाला नेला. त्याच्या पुढच्या मुलीने तेच केलं. तिच्या पुढच्याने तेच. लहानपणापासूनची सवय आहे, कागद म्हणजे विद्या, पाय लागला की नमस्कार. प्राणी पार ठप्प झाला. मी म्हटलं, "त्रिखंडी अशी नमस्कार करत बसली असती तर उपाशी मेली असती." सगळं एका दमात म्हटलं, आणि वर्ग हसला. वाक्य समजल्याशिवाय कुणी हसत नाही. मग पाय सुटले. गोळा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे घासला जात, फाटत, पुढे येत माझ्या पायाशी पोचला तेव्हा त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. चावणं म्हणजे हेच, असं मी सांगायच्या आधी तीनचार जणांनी सांगितलं.

निकिता नावाची मुलगी आहे, मारेगावकडची, पहिल्यांदाच बोलली. "मॅडम, त्याच्या पायाले ठेच लागली तं त्याचे दात दुखत असतीन का?"

सगळे हसले. मी हसले नाही, कारण प्रश्न उत्तम होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगितलं. दुखलं की नाही ते दगडात उमटत नाही. मग डावा पाय खुर्चीवर ठेवला, सलवार पोटरीपर्यंत वर घेतली आणि व्रण दाखवला. इथलं हाड काढलं, म्हटलं, आणि जबड्यावर बोट ठेवलं, इथे बसवलं. मी पण पायानेच खाते. त्या वाक्यात प दोनदा होता. दोन्ही वेळा ओठ टेकला नाही, लाळ हनुवटीवर आली. मी ती पुसली नाही. कुणीही मान खाली घातली नाही. पुढच्या दोघी वाकून व्रण बघत होत्या, आणि मागची पोरं नीट दिसावं म्हणून बाकावर उभी राहिली.

"मंग तुम्हाले ठेच लागली तं?" निकिताने विचारलं. लागली होती, जूनमध्ये, उंबऱ्याला. पाय दुखला, जबडा ढिम्म. तेवढा माझ्यात आणि त्रिखंडीत फरक, असं सांगितलं, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

घंटा झाल्यावर व्हरांड्यात सदाशिवराव राठोड सरांना म्हणाले, मुलांचं माहीत नाही, पण मॅडमचं अर्धं बोलणं आपल्याला समजलं नाही. मी शेजारीच उभी असून माझ्याकडे बघितलंही नाही. राठोड सर पंख्याकडे बघायला लागले. व्हरांड्यात पंखा नाही.

मी सदाशिवरावांच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, पंधरा ऑगस्टला तुमचं भाषण आम्हाला दरवर्षी अर्धंच समजतं. तरी आम्ही पूर्ण बसतो, आणि तुमचा माइक कुणी काढून घेत नाही."

प, भ, ब, म, चारही अक्षरं आली होती त्यात, एकही धड निघालं नव्हतं. पण त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. शब्दन् शब्द समजला होता.